दोन महिन्यांचं भाडं

गोठिवलीत आमच्या चाळीला खोल्या सात.
चार नंबरला ती आली, नागालँडहून,
महापेच्या कंपनीत रात्रपाळीला.
नाव विचारलं तर म्हणाली, आलेमला.
मी म्हटलं, काय आले तुला?
ती नुसती हसली.
तिला मराठी येत नव्हतं,
मला हिंदी येतं ते नळावर भांडण्यापुरतं.

दिवाळीनंतर कंपनीनं माणसं कमी केली.
नोव्हेंबरचं भाडं राहिलं, मग डिसेंबरचं.
नातवाकडून एक वाक्य घोकून
मी तिच्या दारात उभी राहिले:
यू नॉट गिव्ह रेंट.
तिनं मान खाली घातली.
मग हळूच म्हणाली, आंटी,
यू हॅव नॉट पेड.
स्वतःच्याच थकबाकीचं व्याकरण
पोरीनं दुरुस्त करून दिलं.

तिथंच ठरलं, भाडं शिकवणीत वळतं करायचं.
रोज दुपारी तीनला, गच्चीच्या जिन्यावर,
माझ्या हाताला कोळंबीचा वास,
नातवाची अर्धी उरलेली वही.

आय, यू, ही, शी.
हे मला चौथीपर्यंत शिकवलं होतं:
प्रथम पुरुष, द्वितीय पुरुष, तृतीय पुरुष.
व्याकरणात बाईसुद्धा पुरुषच.
इंग्रजीत तिसऱ्याला वर एक शेपूट,
शी कुक्स, शी वॉशेस.
ते शेपूट मी अजून विसरते.

हॅड कळायला आठवडा गेला.
दोन गोष्टी होऊन गेलेल्या असतात, ती म्हणाली,
त्यातली जी आधीची, तिला हॅड.
मी खाडीच्या बाजूला बोट केलं.
तो रस्ता आला.
त्याच्या आधी तिथं आमचं खाजण होतं.
म्हणजे खाजणाला हॅड?
येस आंटी.
आणि खाजणाच्या आधी भरतीचं पाणी होतं,
माझ्या आज्यानं बांध घातला, उघाडी बसवली,
तेव्हा ते मागं हटलं.
त्या पाण्याला काय लावायचं?
तिनं पेन्सिल दातात धरली.
बराच वेळ धरली.
हॅडच्या मागं काही नाही, आंटी.

होता होता आमच्या 'आहे'चं 'होतं' झालं,
आणि ते कधी झालं,
हे विचारायला आता घरात कोणी नाही.

विल मात्र मला आधीपासून ठाऊक.
बापानं केलं होतं. त्यात मी नव्हते.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट निघाला तेव्हा
भाऊ हक्कसोडीचा कागद घेऊन आले,
अंगठा नको, सही कर, तू शिकलेली आहेस.
केली मी. चौथीतल्या अक्षरात.
आलेमलानं वहीत लिहिलं: आय विल गेट.
मी म्हटलं, पुढचं पान.

जानेवारीचं भाडं मी धरलंच नाही.
एकदा खालून गॅसवाल्यानं हाक मारली,
मी जिन्यावरूनच ओरडले, आलेच!
आणि बसून राहिले, वाक्य पुरं करायचं होतं.
तिनं विचारलं, आलेच म्हणजे?
म्हटलं, म्हणजे मी आले.
भूतकाळ?
भूतकाळच.
पण तुम्ही तर इथंच आहात.
आता हिला कसं सांगायचं
की आमच्यात पायात चप्पल नसतानाही
माणूस पोचलेला असतो.
गॅसवाल्याला ते कळतं. तो थांबतो.

मार्चमध्ये तिला हैदराबादेत काम लागलं.
दोन बॅगा, एक कुकर.
कुकर माझाच होता, मी काही बोलले नाही.

दुसऱ्या रात्री नातवाच्या फोनवरून
मी एकेक अक्षर शोधून लिहिलं:
हॅव यू रीच्ड? व्हेन विल यू कम?
हॅव आहे ना, दोनदा बघितलं.
उत्तर उशिरा आलं,
इंग्रजी अक्षरांत एकच शब्द:
आलेच.

नातू म्हणाला, आजी, हिचा टेन्स चुकलाय.
मी म्हटलं, तू गप. झोप आता.